हेर ओल्टमान घरी नाहीत

हेर ओल्टमान, तुमच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. तुमच्याच बैठकीच्या खोलीत, तुमच्याच सोफ्यावर बसून विचारला. पुस्तकांची खोकी बांधून दारापाशी लावली होती. भिंतीवरची चित्रं काढलेली, त्यांच्या जागी पांढरे चौकोन दिसत होते. आन्के म्हणाली, "मिस्टर लोपीस, बाबांना राजीनाम्याचा कधी पश्चात्ताप झाला होता का? मला खरं सांगा. मला तिथे उभं राहून बोलायचंय."

तिथे म्हणजे तुमच्या गावात. नगरपालिकेच्या सभागृहात तुमची शोकसभा ठरली होती आणि गोदीतले जुने कामगार, जेवढे अजून हयात आहेत तेवढे, येणार होते. तुम्हाला पश्चात्ताप झाला होता असं मी म्हटलं, तर ती तुमच्या वतीने त्यांची माफी मागणार होती. झाला नव्हता म्हटलं, तर नुसते आभार मानून खाली बसणार होती. यातलं काय करायचं हे ती विचारत होती वसईच्या एका माणसाला, ज्याने तुमचं गाव कधी पाहिलेलं नाही.

मी म्हटलं, "उद्या सांगतो." कंपनीत कुणी आकडा विचारला की मी असंच म्हणतो. तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्हाला ते आवडायचं.

हे सगळं मी मराठीत लिहितोय. तुम्हाला मराठी येत नव्हतं; तुमच्या जर्मनमधलं 'हेर', म्हणजे श्री, तेवढं मी तसंच ठेवलंय. पण आपण सात-आठ वर्षं इंग्रजीत बोललो, आणि इंग्रजी तुमचीही नव्हती आणि माझीही नव्हती. दोघंही तिच्यात भाड्याने राहिल्यासारखे जपून वागायचो. आता मी दमलोय. तुम्हाला मायदेशी पाठवायच्या कागदपत्रांसाठी ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरून दमलोय, आणि तुम्ही गेल्यापासून शुक्रवारी गाडीत शेजारची सीट रिकामी ठेवून चालवायलाही दमलोय. दमलेल्या माणसाने आपल्या भाषेत बोलावं.

आपली ओळख हाशमभाईंच्या दुकानात झाली. आखातातल्या ह्या शहरात, अल् खुवैरच्या आपल्या बिल्डिंगखालचं ते किराणा दुकान. हाशमभाई रत्नागिरीचे, गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारे. तुम्ही कोकमाचं पाकीट नाकाशी धरून उभे होतात.

"लोपीसभाय, बरे आलाव," ते मला म्हणाले. "ह्या जर्मनबाबांना जरा समजावून सांगा, ह्याची वाईन नाय होत."

मी तुम्हाला सांगितलं की हे माशाच्या कालवणात घालतात. तुम्ही विचारलंत, किती? मी म्हटलं, अर्धा किलो माशाला चार-पाच सोलं. तुम्ही म्हणालात, "चार की पाच?" मागून हाशमभाई मराठीत पुटपुटले, "घ्या. तुमच्या जातीचा माणूस भेटला तुम्हाला."

तुम्ही कोण होतात ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तुमच्या तोंडून कळलं नाही. तुम्ही इतकंच सांगितलं होतंत की बंदरांच्या कामाचे सल्लागार म्हणून इथे आलात, मग पत्नी वारल्या, आणि तिकडच्या थंडीत सांधे दुखतात म्हणून निवृत्तांच्या व्हिसावर राहिलात. एक दिवस माझ्या मुलाने तुमचं नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि ओरडला, "डॅडी, अंकल वॉज लाइक अ चीफ मिनिस्टर!" माझी बायको सेलिना स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने आदल्याच दिवशी तुमच्याकडे उरलेलं सुकटाचं कालवण पाठवलं होतं. "उरलेलं?" ती म्हणाली. "मुख्यमंत्र्यांना मी उरलेलं पाठवलं?" त्यानंतर ती तुमच्यासाठी मुद्दाम वेगळं करायची आणि तुमचं पोट बिघडायचं. तुम्ही तिला हे कधी कळू दिलं नाहीत. मीही दिलं नाही.

डोळ्यांमुळे तुमचं लायसन्स पुढे वाढलं नाही आणि ज्या शहरात भाजी आणायलाही गाडी लागते तिथे तुम्ही तिसऱ्या मजल्यावर अडकलात. मग शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मी चर्चला निघालो की तुम्हाला बरोबर घ्यायला लागलो. आम्ही मिस्सा ऐकायचो आणि तुम्ही बाहेर आवारात सावली शोधून बसायचात. मी एकदा आत बोलावलं तर म्हणालात, "तुमचे फादर फार लांबवतात. मी अशा सभांमधून निवृत्त झालोय." येता-जाता गाडीत आपण भांडायचो. सेलिना मागच्या सीटवर डोळे मिटून घ्यायची. तिने एकदा सांगितलं होतं, "भांडा, पण सिग्नल बघून भांडा."

तुमचं आयुष्य मला असं तुकड्या-तुकड्यांनी मिळालं, दोन सिग्नलच्या मधे मावेल तेवढं. युद्ध संपलं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तुमचा जन्म. वडील परत आलेच नाहीत. आई पडलेल्या घरांच्या विटा साफ करायला जायची, जुना चुना हातोडीने काढून विटा पुन्हा वापरायला रचून ठेवायची. तुम्ही तिच्या पाठीवर. शाळेत गेलात तेव्हा मास्तर इतिहास शिकवताना एका ठरावीक वर्षाशी थांबायचे आणि पुस्तक मिटायचे. घरी कुणाला विचारलं तर, आम्हाला काही माहीत नव्हतं, एवढंच उत्तर मिळायचं. तुम्ही म्हणाला होतात, "आजूबाजूला सगळी चांगली माणसं होती, हेर लोपीस. प्रेमळ. आम्हाला दूध द्यायची, कपडे द्यायची. आणि सगळी खोटं बोलत होती."

पंधराव्या वर्षी गोदीत वेल्डिंग शिकायला लागलात. मग युनियन, मग पक्ष, मग नगरपालिका, आणि शेवटी त्या लहानशा राज्याचे मुख्यमंत्री. तुम्ही एक नियम केला होतात. स्वतः तपासलेलं नाही असं वाक्य बोलायचं नाही. पक्षातले लोक हसायचे. भाषणं इतकी कोरडी व्हायची की तुमच्या पत्नी हिल्डे पहिल्या रांगेत बसून विणकाम करायच्या. तरी लोक मतं द्यायचे.

आणि मग गोदीला कामं मिळेनात. पूर्वेकडच्या देशांतून स्वस्तात जहाजं व्हायला लागली. तुम्ही दोन वर्षं जहाज कंपन्यांची दारं झिजवलीत. एक दिवस विधानसभेत उभं राहून सांगितलंत, दोन जहाजांची ऑर्डर आली. टाळ्या झाल्या. गावात त्या संध्याकाळी लोकांनी एकमेकांना बिअर पाजली. ऑर्डर एकाच जहाजाची आली होती. दुसऱ्याचं नुसतं बोलणं चाललं होतं, सही नव्हती. आकडा सचिवाने चिठ्ठीवर लिहून दिला होता आणि तुम्ही, आयुष्यात पहिल्यांदा, न तपासता वाचलात.

तुम्ही राजीनामा दिलात.

ह्यावर आपण किती भांडलो. मी हिशेबाचा माणूस. चूक सापडली की दुरुस्तीची नोंद करायची आणि पुढे जायचं, हे माझं रोजचं काम.

"दुसऱ्या दिवशी उभं राहून सांगायचं, एकच जहाज," मी म्हणायचो.

"सांगितलं."

"मग झालं."

"नाही झालं. दुरुस्ती आकड्याची होते. ज्याने ऐकून घरी जाऊन बायकोला सांगितलं, त्याची कशी करणार?"

"पण तुम्ही गेल्यावर नव्या माणसाने काय केलं? पुढच्या हिवाळ्यात गोदीला टाळं. तुम्ही असतात तर ते दुसरं जहाज आलंही असतं."

"आलं असतं."

"मग?"

"मग मी, आकडे फेकणारा मुख्यमंत्री, त्या जहाजाच्या पूजेला उभा राहिलो असतो." तुम्ही पूजा म्हणाला नव्हतात. जहाज पाण्यात सोडताना बाटली फोडतात ते म्हणाला होतात. मला ते पूजाच वाटतं.

एकदा मी चिडून बोललो. कंपनीत लोक कमी करण्याचे दिवस होते, माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "तुमचे हात स्वच्छ राहिले, हेर ओल्टमान, आणि रिकामे झाले ते त्यांचे." तुम्ही काचेतून समोर बघत राहिलात. मग म्हणालात, "हिरवा झालाय." मी गिअर टाकला. पुढच्या शुक्रवारी तुम्ही ठरल्या वेळी खाली उभे होतात, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि बसता बसता म्हणालात, "तर, कुठे होतो आपण?" मी तुमचा आभारी आहे त्यासाठी. आमच्याकडे एवढ्यावरून लोक लग्नाला जायचं बंद करतात.

सूरला, किनाऱ्यावरच्या त्या जहाजं बांधणाऱ्या गावाला, जायची कल्पना तुमची. डोळे पूर्ण जायच्या आधी लाकडी जहाज बांधताना बघायचंय म्हणालात. थंडीचे दिवस होते, आपण समुद्राकडच्या रस्त्याने गेलो. सेलिना आली नाही, तिला घाट लागतो. त्या यार्डात एकच मोठं जहाज उभं होतं, फासळ्या उघड्या, आणि पाच-सहा कारागीर फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवत होते. तुम्ही सागाच्या फळीवर तळहात ठेवून चालत राहिलात, टोकापासून टोकापर्यंत. वेल्डर माणूस. एकदा थांबलात आणि नख लावून एक सांधा तपासलात.

कारागीर कच्छकडचे होते. त्यांचा मोठा मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाला, "साब कौन हैं?"

आणि मी सांगितलं, "जर्मनी में मुख्यमंत्री थे."

हे मी का सांगितलं, असं तुम्ही नंतर विचारलंत. हेर ओल्टमान, आमच्याकडे मुख्यमंत्री एकदा झाला की तो मरेपर्यंत असतो. नुसतं 'माजी' लागतं पुढे, आणि गाडीतून उतरताना दार उघडायला माणूस असतोच. त्यांना सांगितलं नसतं तर मला तुमचा अपमान केल्यासारखं वाटलं असतं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. हातोड्या थांबल्या. खुर्ची आली, तिच्यावर फडकं मारलं गेलं. पेप्सी आली. शाल कुठून आणणार, तर कुणाच्या तरी बॅगेतला नवा कोरा टॉवेल आला आणि मिस्त्रीने तो तुमच्या खांद्यावर घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत. टॉवेल मात्र काढला नाहीत.

मग मिस्त्री हात जोडून बोलायला लागला. "साब, अर्बाब अब लकड़ी का काम नहीं लेता. बोलता है, फायबर बनाएगा. ये जहाज खलास, तो हम भी खलास. आप एक बार अर्बाब को बोल दो. बड़े आदमी की बात मानेगा."

अर्बाब म्हणजे यार्डाचा मालक, हे धरून मी तुम्हाला सगळं इंग्रजीत सांगितलं. तुमचा चेहरा पडला. तुम्ही हळू म्हणालात, "ह्यांना सांगा, मी आता कुणीही नाही. मी काही करू शकत नाही."

मी मिस्त्रीला सांगितलं, "साब बोल रहे हैं, देखेंगे."

मी मुद्दाम खोटं बोललो नाही. आमच्याकडे नाहीला देखेंगेच म्हणतात. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. पण इतक्या वर्षांत हाशमभाईंकडून तुम्ही थोडंफार हिंदी उचललं होतंत. गाव मागे पडून बराच रस्ता झाला होता तेव्हा तुम्ही म्हणालात, "देखेंगे म्हणजे आपण बघू ना?"

"हो."

"मी ते म्हणालो नव्हतो."

"तसं म्हणायची पद्धत आहे."

"गाडी वळवा."

"हेर ओल्टमान, चार वाजून गेलेत."

"कृपा करून वळवा."

वळवली. रस्ताभर मी मनात चरफडत होतो. यार्डात पोचलो तर ते चहा घेत होते. मला त्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की साहेब काही करू शकत नाहीत, त्यांच्या हातात काही नाही. मिस्त्रीने तुमच्याकडे पाहिलं. "इतना बोलने के लिए वापस आए?" तुम्ही हिंदीत म्हणालात, "हाँ." तो हसायला लागला, मग बाकीचे हसले. "बैठो साब. चाय पियो." आणि ह्या वेळी तुम्ही खुर्चीवर बसलात.

परतताना आपण आतल्या रस्त्याने आलो आणि वाटेतल्या इब्रा गावी थांबलो. टपरीपुढे गाडी लावली, पोऱ्याने काचेशीच कागदी कप आणून दिले. मी अजून रागावलेला होतो. तुम्ही कप दोन्ही हातांत धरलात आणि म्हणालात, "आज परत गेलो, कारण एकदा गेलो नव्हतो."

राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही राजधानीतून घरी आलात. सकाळी गोदीतले लोक आले. दहा-बारा जण, बरेचसे तुमच्याबरोबर वेल्डिंग शिकलेले. शिव्या द्यायला आले नव्हते. राजीनामा मागे घ्या म्हणायला आले होते. तुम्ही वर पडद्यामागे उभे होतात. हिल्डेंनी विचारलं, काय सांगू? तुम्ही म्हणालात, घरी नाही म्हणून सांग. त्या खाली गेल्या आणि म्हणाल्या, हेर ओल्टमान घरी नाहीत, राजधानीतून आलेले नाहीत. दार लागल्याचा आवाज तुम्ही ऐकलात.

"बाहेर आलो असतो तर राजीनामा मागे घेतला असता," तुम्ही मला म्हणालात. "त्यांचे चेहरे बघून नाही म्हणता आलं नसतं. म्हणून गेलो नाही. न तपासलेल्या एका आकड्यासाठी पद सोडलं, आणि त्याच आठवड्यात घरात लपून बायकोला खोटं बोलायला लावलं. तिने ते पुन्हा कधी काढलं नाही. राजीनामा बरोबर होता, हेर लोपीस. ह्यावर तुम्ही मला हरवू शकणार नाही. पण दार उघडायला हवं होतं. दार उघडून तोंडावर नाही म्हणायला हवं होतं."

आणि पुढे म्हणालात, "हे मी घरी कधी सांगितलं नाही."

मी काय बोललो? मी म्हटलं, चहा थंड होतोय. आपल्या सगळ्या वादात मला पाहिजे होता तो मुद्दा तुम्ही आपल्या हाताने माझ्यापुढे ठेवला होता आणि मला तो उचलावासा वाटला नाही. खरं तर मला सांगायचं होतं की तुम्ही मघाशी गाडी वळवायला लावलीत तेव्हाच माझा अर्धा वाद संपला होता. ते राहून गेलं. मला वाटलं होतं, पुढच्या शुक्रवारी सांगू. मग पुढच्या. तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात तेव्हाही सांगता आलं असतं, पण तुम्ही मला विचारत होतात की गाडीची मुलकिया नवी करून घेतली का, रजिस्ट्रेशनची तारीख जवळ आलीय. तुमच्या नाकात नळी आणि तुम्हाला माझ्या गाडीची काळजी. मी म्हटलं, इन्शाल्ला, उद्या करतो. तुम्ही म्हणालात, "उद्या की इन्शाल्ला?" तेच आपलं शेवटचं बोलणं झालं.

तर आन्केचा प्रश्न.

मी वर आलो आणि सेलिनाला सगळं सांगितलं. ती भांडी आवरत होती.

"नका सांगू तिला ते दाराचं," ती म्हणाली.

"तिने विचारलंय."

"तिने राजीनाम्याचं विचारलंय. पश्चात्ताप नव्हता म्हणा. खरंच आहे ते."

"अर्धं खरं आहे."

"मग अर्धंच सांगा. काल माझ्याकडे चहाला आली होती तेव्हा काय म्हणाली माहितीये? अजून गावात कुणी काही बोललं की ती म्हणते, त्या दिवशी बाबा घरी नव्हते, असते तर बाहेर आले असते. लहानपणापासून तेच सांगत आली ती. आई तिला तसंच म्हणाली होती. आता बापाला न्यायला आलीय पोरगी, तिच्याकडे तेवढंच आहे. ते पण काढून घ्या तुम्ही."

सेलिना चुकीचं बोलत नव्हती. मी रात्रभर तिचंच बरोबर कसं आहे ते मनाशी मांडत राहिलो. तुम्ही 'कुणाला सांगू नका' म्हणाला नव्हतात, हे खरं. 'सांगा' असंही म्हणाला नव्हतात. पण एका गोष्टीपाशी मी दर वेळी अडायचो. मी अर्धंच सांगितलं, तर उद्या आन्के त्या सभागृहात तेच वाक्य पुन्हा म्हणणार होती. बाबा घरी असते तर बाहेर आले असते. न तपासलेला आकडा, तुमच्याच मुलीच्या तोंडून, त्याच लोकांपुढे. आणि मला तो चुकीचा आहे हे माहीत असणार होतं.

सकाळी मी खाली गेलो आणि तिला सांगितलं. सूर, टॉवेल, देखेंगे, सगळं, आणि मग इब्राचं. ती टॉवेलपाशी हसली होती. दारापाशी आलो तेव्हा तिने माझ्याकडे बघणं बंद केलं. माझं बोलून झाल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि पॅक करायला काढलेले धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. मला उठून जावंसं वाटत होतं. गेलो नाही.

ती परत आली, हात पुसत. "मी त्या दिवशी शाळेत होते," ती म्हणाली. "घरी आले तर आई स्वयंपाकघरात बसून होती. दिवा न लावता." मग फडक्याची घडी घालत, "मी तीस वर्षं लोकांशी भांडले त्यावरून."

"मला माफ करा," मी म्हटलं.

"नाही. त्यांचे शब्द पुन्हा सांगा. जसे होते तसे."

मी सांगितले. तिने ते जर्मनमध्ये हळूहळू म्हणून पाहिले. काही तिला जमले नाहीत. मग म्हणाली, "हे मी तिथे बोलेन की नाही, मला माहीत नाही."

दोन दिवसांनी कागद हातात आले आणि ती तुम्हाला घेऊन गेली. विमानतळावर कार्गोच्या बाजूला मी आणि हाशमभाई उभे होतो. हाशमभाईंनी तुमच्यासाठी फातिहा वाचली आणि मी 'आमच्या बापा' ही आमची प्रार्थना म्हटली. येताना गाडीत ते म्हणाले, "चांगला माणूस. पन किती इचारायचा. एका कोकमाला चार प्रश्न." आणि मग डोळे पुसले.

परवा शुक्रवारी चर्चच्या पार्किंगमध्ये आन्केचा फोन आला. मी गाडीत बसून राहिलो, सेलिनाला पुढे जायला सांगितलं.

ती म्हणाली, मी बोलले. सभागृह भरलं होतं. तिने राजीनाम्याची माफी मागितली नाही. तुम्ही त्या सकाळी घरी होतात हे सांगितलं, दार उघडायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात तेही सांगितलं, आणि तिला पुढचं बोलता येईना म्हणून ती तशीच उभी राहिली. मग मागून एक म्हातारा उठला. तुमच्याबरोबर एकाच बाकावर वेल्डिंग शिकलेला, आता दोन काठ्यांवर चालतो. तो म्हणाला, "आन्के, आम्हाला माहीत होतं. तुझी आई बोलत होती आणि दाराबाहेर त्याचे बूट होते. बर्फ अजून वितळलं नव्हतं त्यांच्यावरचं."

त्याने पुढे सांगितलं, त्या दिवशी तुमच्या पत्नीचं बोलणं संपल्यावर त्यांच्यातला सगळ्यांत वयस्क माणूस म्हणाला होता, चला. ते निघाले. आणि जाताना एकाने वाकून तुमचे बूट पालथे करून ठेवले, आत बर्फ जाऊ नये म्हणून.

आन्केने त्याला विचारलं, मग इतक्या वर्षांत बाबांना हे कुणी सांगितलं का नाही? तो म्हणाला, कसं सांगणार? सांगितलं असतं, तर आम्हाला माहीत आहे हे त्याला कळलं असतं.

आता कळलं तरी चालेल, हेर ओल्टमान.